प्रोसेस कंट्रोलचा पहिला हंगाम: साखर कारखान्यातल्या एका लूपपासून सुरुवात

आयटीआय किंवा डिप्लोमा करून इन्स्ट्रुमेंट विभागात नव्याने लागलेली मुलंमुली पहिल्याच आठवड्यात पीआयडी ट्यूनिंगबद्दल, म्हणजे कंट्रोलरने चुकीला कसं उत्तर द्यायचं हे ठरवणाऱ्या तीन आकड्यांबद्दल विचारतात. कॉलेजात लाप्लास, बोडे प्लॉट वगैरे झालेलं असतं आणि डीसीएसच्या (प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) स्क्रीनवर ते तीन आकडे बदलता येतात हे दिसलेलं असतं. माझं म्हणणं असं की त्या तीन आकड्यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. लूप म्हणजे मोजणं, ठरवणं आणि व्हॉल्व्ह हलवणं ही साखळी. ‘लूप बिघडलाय’ म्हणून फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड ट्रान्समीटर (मोजून आकडा पाठवणारं यंत्र), इम्पल्स लाईन (त्याच्यापर्यंत दाब नेणारी बारीक नळी) किंवा व्हॉल्व्हपाशी असतो. कंट्रोलर फक्त त्याला मिळालेल्या आकड्यावर हिशेब करत असतो. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवलाय: आधी प्रोसेस, मग मोजमाप, मग व्हॉल्व्ह, आणि त्यानंतर ट्यूनिंग.

उदाहरणाला साखर कारखाना घेतो. एकाच आवारात बॉयलर, हीटर, पीएच, लेव्हल, फ्लो असं सगळं बघायला मिळतं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची पहिली नोकरी तिथेच लागते. जे इथे शिकाल ते रिफायनरीत, डेअरीत किंवा औषधाच्या प्लांटमध्येही तसंच लागू पडतं.

१. आधी रसाच्या मागे चाला

रुजू झाल्यावर पॅनेलसमोर बसू नका. मिल हाऊसपासून सुरुवात करा आणि रस जिकडे जातो तिकडे चालत राहा. मिलमधून आलेला मिक्स ज्यूस आधी प्रायमरी हीटरमध्ये साधारण ७० ते ७५ अंशांपर्यंत तापतो. मग त्यात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड जातो आणि पीएच ७ च्या आसपास आणला जातो. त्यानंतर सेकंडरी हीटरमध्ये तो १०२ ते १०५ अंशांवर जातो, फ्लॅश टँकमध्ये उकळी फुटते, आणि पुढे क्लॅरिफायरमध्ये गाळ खाली बसून क्लिअर ज्यूस इव्हॅपोरेटरकडे निघतो.

आता त्या १०२ अंशांपाशी थांबा. हा आकडा कुठून आला? रस उकळबिंदूच्या वर नेऊन फ्लॅश टँकमध्ये सोडला की त्यात अडकलेली हवा वाफेबरोबर निघून जाते. तापमान ९७-९८ वरच राहिलं तर ती हवा बगॅसच्या बारीक कणांना चिकटून तशीच क्लॅरिफायरमध्ये जाते, गाळ खाली बसायच्या ऐवजी तरंगत राहतो आणि रस गढूळ येतो. उलट विनाकारण जास्त तापवलं तर रंग चढतो आणि थोडी साखरही फुकट जाते. म्हणजे सेटपॉइंट (लूपने धरून ठेवायचा आकडा) हा कुणीतरी कधीतरी टाकलेला आकडा नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना नुकसान असतं. हे तुम्हाला इन्स्ट्रुमेंटच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. शिफ्ट केमिस्टला विचारा, ते सांगतात, आणि विचारणारा पोरगा त्यांच्या लक्षातही राहतो.

प्रत्येक लूपपाशी वहीत चार गोष्टी लिहा. काय सांभाळायचंय? ते सांभाळायला काय हलवायचंय? ते बिघडतं कशाने? आणि बिघडलं तर पुढे काय होतं? आपल्या सेकंडरी हीटरचं उत्तर असं: सांभाळायचं रसाचं बाहेर पडतानाचं तापमान. हलवायचा वाफेचा व्हॉल्व्ह. बिघडवणाऱ्या गोष्टी म्हणजे मिलकडून कमीजास्त येणारा रस, इव्हॅपोरेटरवरून येणाऱ्या व्हेपरचा (वाफेचा) बदलता दाब, आणि ट्यूबमध्ये हळूहळू चढणारी स्केल (क्षारांचा थर). पहिल्या दोन मिनिटामिनिटाला बदलतात, तिसरी दिवसागणिक. हा फरक पुढे ट्यूनिंगच्या वेळी कामाला येतो.

२. ड्रॉइंगवरची अक्षरं

पी अँड आय डी ड्रॉइंग (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) मागून घ्या. त्यातल्या टॅगचं पहिलं अक्षर काय मोजलं जातंय ते सांगतं: टी म्हणजे तापमान, पी दाब, एफ फ्लो, एल लेव्हल. पुढची अक्षरं काम सांगतात: टी ट्रान्समीटर, आय दर्शक, सी कंट्रोलर, व्ही व्हॉल्व्ह. म्हणजे टीटी-१०१ मोजतो, टीआयसी-१०१ ठरवतो, टीव्ही-१०१ हलतो. तिघांचा नंबर एकच, कारण लूप एकच. ड्रॉइंग घेऊन फील्डमध्ये जा आणि तिन्ही वस्तू प्रत्यक्ष शोधून काढा. जुन्या कारखान्यात ड्रॉइंग आणि फील्ड जुळत नाही असं बऱ्याचदा आढळतं. जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने खूण करा आणि सीनियरला दाखवा.

३. आकडा खरा आहे का?

टीटी-१०१ च्या टोकाला बहुधा पीटी-१०० सेन्सर असतो. ० अंशाला त्याचा रेझिस्टन्स १०० ओहम, १०० अंशांना १३८.५ ओहम. आपल्या १०२ अंशांना तो सुमारे १३९.३ ओहम दाखवायला हवा. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.४ ओहम. गंजलेल्या टर्मिनलमुळे एक ओहम वाढला तर वाचन अडीच अंशांनी चुकलं. वायरचा रेझिस्टन्स वजा व्हावा म्हणूनच तीन वायरचा सेन्सर वापरतात, आणि तिघांपैकी एकच वायर सैल असली तर ती वजाबाकी चुकते.

ट्रान्समीटर हा रेझिस्टन्स ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये बदलून पाठवतो. रेंज ० ते १५० अंश असेल तर १०२ अंश म्हणजे रेंजच्या ६८ टक्के, आणि करंट ४ अधिक १६ चे ६८ टक्के, म्हणजे १४.८८ मिलिअँपिअर. हा हिशेब तोंडपाठ झाला पाहिजे, कारण फील्डमध्ये मीटर हातात असतो आणि स्क्रीन दूर असते. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून का? वायर तुटली तर करंट शून्यावर येतो, आणि ‘तापमान ० अंश’ व ‘वायर तुटली’ यांतला फरक कळतो. आजचे ट्रान्समीटर स्वतःत बिघाड झाला की करंट ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर नेऊन ठेवतात, तेही याच हेतूने.

इलेक्ट्रॉनिक्स ठीक असूनही आकडा खोटा असू शकतो, आणि नवख्या माणसाचं लक्ष तिकडेच कमी जातं. सेन्सर थर्मोवेलमध्ये (तो ज्यात बसतो त्या बंद नळीत) तळाला टेकलेला नसेल तर मधे हवा राहते आणि वाचन मागे पडतं. थर्मोवेलवर स्केल चढली तरी तेच. मीटरवर सगळं बरोबर दिसतं, पण रसात झालेला बदल सेन्सरपर्यंत पोचायला उशीर होतो.

लेव्हलचं मोजमाप यापेक्षा फसवं. डीपी (दोन बाजूंच्या दाबांतला फरक मोजणारा) ट्रान्समीटर लेव्हल मोजत नाही, तो द्रवाच्या स्तंभाचा दाब मोजतो. तीन मीटर पाण्याला ३००० मिलिमीटर वॉटर कॉलम दाखवणारा ट्रान्समीटर सिरपच्या टाकीला लावला, तर सिरप पाण्यापेक्षा जड असल्याने तो लेव्हल जास्त दाखवणार. घनता बदलली की कॅलिब्रेशनचा अर्थच बदलतो.

याची किंमत किती मोठी असू शकते ते २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटी रिफायनरीत दिसलं. शटडाऊननंतर एक १७० फुटी टॉवर सुरू करताना त्यात द्रव भरत राहिला, बाहेर काढणारा व्हॉल्व्ह बंद होता. प्रत्यक्षात टॉवर जवळजवळ गच्च भरला होता, पण लेव्हल ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन त्या द्रवाला जुळणारं नव्हतं आणि तो दहा फुटांच्या आत, तीही हळूहळू उतरणारी लेव्हल दाखवत होता. वेगळा बसवलेला हाय लेव्हल अलार्म वाजलाच नाही. द्रव वरून ओसंडला, स्फोट झाला, १५ माणसं गेली आणि १८० जखमी झाली. कारणं इतरही होती, पण पॅनेलवरच्या माणसाला खरा आकडा दिसत नव्हता ही त्यातली मोठी गोष्ट. टाकीत किती गेलं आणि किती बाहेर आलं याचा तोंडी हिशेब ठेवायची सवय यासाठीच लावून घ्यायची. आत येणारं चालू आहे, बाहेर जाणारं बंद आहे आणि लेव्हल उतरतेय, असं होऊच शकत नाही.

४. हात लावण्याआधी

चालू लूपची वायर काढायची नाही. लूप ऑटोवर असताना टीटी-१०१ ची वायर सुटली तर कंट्रोलरला वाटेल तापमान कोसळलं, आणि तो वाफेचा व्हॉल्व्ह सताड उघडेल. काही सिस्टिम खराब सिग्नल ओळखून आपोआप मॅन्युअलला जातात, पण आपली जाते की नाही हे आधी माहीत करून घ्या.

क्रम असा: पॅनेल ऑपरेटरला सांगा की अमुक लूपवर काम करतोय. त्यांच्याकडून लूप मॅन्युअलवर घ्या. त्या सिग्नलवर कुठला ट्रिप किंवा इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी किंवा अडवणारी सोय) आहे का ते बघा. असेल तर लेखी परवानगीशिवाय बायपास करू नका, आणि काम झाल्यावर तो बायपास काढल्याची नोंद लॉगबुकात करा. वर्क परमिट हा कागद भरायचा म्हणून भरू नका. बॉयलरच्या इम्पल्स लाईनमध्ये दाबाखालचं गरम पाणी असतं.

बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरबद्दल एक खास सूचना. त्याच्या एका बाजूला पाण्याने भरलेला स्तंभ असतो, त्याला वेट लेग म्हणतात. दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडे असताना मधला, दोन्ही बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडलात तर ते पाणी निघून जातं. वेट लेग रिकामा झाला की लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ड्रम रिकामा होत असताना स्क्रीनवर भरलेला दिसणं यापेक्षा वाईट चूक बॉयलरवर नाही. म्हणून आधी एक आयसोलेशन बंद, मग इक्वलायझिंग उघडा, मग दुसरं बंद. पुन्हा लाईनवर घेतल्यावर वेट लेग भरल्याची खात्री करून, गेज ग्लासशी (ड्रमवरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेशी) ताडून मगच ऑटो.

५. व्हॉल्व्हपाशी वेळ घालवा

कंट्रोलरचा ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नल व्हॉल्व्हच्या पोझिशनरला (सिग्नलइतकाच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्राला) जातो, तो डायाफ्रामवर हवा देतो. जुन्या व्हॉल्व्हला करंटचं हवेच्या दाबात रूपांतर करणारा आय-टू-पी कन्व्हर्टर असतो, तो ३ ते १५ पीएसआय देतो, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ०.२ ते १ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर).

पहिली गोष्ट बघायची ती हवा गेली तर व्हॉल्व्ह कुठे जातो. हीटरचा वाफेचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद व्हायला हवा. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहायला हवा. हे स्प्रिंगच्या बाजूवरून ठरतं आणि प्लांट उभारतानाच ठरवलेलं असतं. ओव्हरहॉलनंतर ॲक्च्युएटर बदलला गेला असेल तर हे पुन्हा तपासा.

मग व्हॉल्व्ह खरंच ऐकतो का ते बघा. मशीन थांबलेलं असताना किंवा ऑपरेटरच्या संमतीने मॅन्युअलमध्ये आउटपुट ४० वरून ४१ करा, मग ४२, मग ४३. कुणाला तरी व्हॉल्व्हच्या स्टेमवरचा काटा बघायला उभं करा. चांगला व्हॉल्व्ह प्रत्येक टक्क्याला थोडा हलतो. चिकटणारा व्हॉल्व्ह ४१, ४२, ४३ ला ढिम्म राहतो आणि ४४ ला एकदम चार टक्के उडी मारतो. ग्लँड (स्टेमभोवतीची गळती रोखणारा भाग) जास्त आवळलेला असणं हे याचं नेहमीचं कारण. गळती थांबवायला कुणीतरी पान्याने दोन आटे जास्त दिलेले असतात. आता वरूनही खाली या, ४४, ४३, ४२. दिशा बदलताना पहिले दोनतीन टक्के वाया जात असतील तर लिंकेजमध्ये खेळ आहे.

असा व्हॉल्व्ह जगातल्या कुठल्याही ट्यूनिंगने नीट चालणार नाही. कंट्रोलर हळूहळू आउटपुट वाढवत राहतो, व्हॉल्व्ह एकदम उडी मारतो, तापमान पुढे जातं, मग कंट्रोलर उलटा फिरतो. ट्रेंडवर (स्क्रीनवरच्या आलेखावर) तापमान कायम वरखाली. ऑपरेटर म्हणतात ‘लूप हंटिंग करतोय’, आणि कुणीतरी गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) कमी करतं. हंटिंग मंदावतं, संपत नाही.

६. एक शिफ्ट हाताने चालवा

हे मी प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो. अनुभवी ऑपरेटरच्या शेजारी बसून, त्यांच्या देखरेखीखाली, हीटरचा लूप मॅन्युअलवर चालवा. व्हॉल्व्ह दोन टक्के उघडा आणि थांबा. काही सेकंद काहीच होणार नाही. मग तापमान हलायला लागेल, आधी भराभर, मग मंद, आणि नव्या जागी स्थिर होईल. सुरुवातीच्या त्या शांत वेळाला डेड टाइम म्हणतात. न्हाणीघरात गीझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला जो वेळ लागतो तोच हा. त्या वेळात अधीर होऊन नळ आणखी फिरवला की पुढच्या क्षणी अंग भाजतं.

पीआयडीचं मूळही माणसाच्या हातातच आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप कसं चालवावं याचं गणित मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे उदाहरण होतं ते अनुभवी सुकाणूवाल्याचं. तो फक्त जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. किती वेळ एका बाजूला ओढलं जातंय आणि किती वेगाने वळतंय हेही त्याच्या हिशेबात असतं. आत्ताची चूक म्हणजे प्रपोर्शनल, साचलेली चूक म्हणजे इंटिग्रल, बदलाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह. हाताने चालवताना तुम्ही हे तिन्ही न कळत करता. फक्त प्रपोर्शनलवर लूप चालवला तर तापमान सेटपॉइंटच्या जवळ येऊन थोडं अलीकडेच थांबतं, त्याला ऑफसेट म्हणतात. इंटिग्रल तो ऑफसेट संपवतं. डेरिव्हेटिव्ह तापमानासारख्या संथ लूपला मदत करतं, पण फ्लोसारख्या थरथरत्या सिग्नलवर व्हॉल्व्हला उगाच नाचवतं. फ्लोच्या लूपला पीआय पुरे.

७. बंप टेस्ट आणि पहिले आकडे

आता ट्यूनिंग. मिल स्थिर चालू असताना, व्हेपरचा दाब स्थिर असताना, मॅन्युअलमध्ये आउटपुट ४० वरून ४५ करा आणि ट्रेंड बघा. समजा तापमान ९८ वर होतं, १० सेकंदांनी हलायला लागलं आणि शेवटी १०१ वर थांबलं. तीन अंशांच्या बदलातला ६३ टक्के भाग, म्हणजे साधारण १.९ अंश, पूर्ण व्हायला हलायला लागल्यापासून ४० सेकंद लागले.

तीन गोष्टी हातात आल्या. डेड टाइम १० सेकंद. टाइम कॉन्स्टंट ४० सेकंद. आणि प्रोसेस गेन: ३ अंश म्हणजे १५० च्या रेंजचे २ टक्के, व्हॉल्व्ह हलला ५ टक्के, म्हणून २ भागिले ५, बरोबर ०.४. गेन काढताना दोन्ही बाजू टक्क्यांत घ्या. अंश आणि टक्के यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं.

यावरून आकडे काढायची जी पद्धत मी सुचवतो तिला लॅम्डा ट्यूनिंग म्हणतात. लूपने किती वेळात सावरावं हे आपण ठरवायचं, तो वेळ म्हणजे लॅम्डा. टाइम कॉन्स्टंटइतकाच वेळ घेऊ, ४० सेकंद. कंट्रोलरचा गेन म्हणजे टाइम कॉन्स्टंटला, प्रोसेस गेन गुणिले लॅम्डा व डेड टाइमची बेरीज, याने भागायचं. ४० भागिले (०.४ गुणिले ५०), म्हणजे ४० भागिले २०, म्हणजे २. इंटिग्रल टाइम टाइम कॉन्स्टंटइतका, ४० सेकंद. डेरिव्हेटिव्ह सध्या शून्य. तुमच्या हीटरचे आकडे वेगळे येतील, रीत तीच. डेड टाइम मोठा असेल तर लॅम्डा त्याच्या तिप्पट तरी ठेवा.

आकडे टाकण्याआधी कंट्रोलरला कुठलं एकक हवंय ते बघा, इथे हमखास गोंधळ होतो. काही कंट्रोलर गेनऐवजी प्रपोर्शनल बँड मागतात: १०० भागिले गेन, आपल्या बाबतीत ५० टक्के. म्हणजे तिथे आकडा वाढवला की कंट्रोल सौम्य होतो, उलट दिशा. इंटिग्रल काही ठिकाणी सेकंदांत, काही ठिकाणी मिनिटांत, काही ठिकाणी रिपीट्स पर मिनिट. आपले ४० सेकंद म्हणजे ०.६७ मिनिट किंवा १.५ रिपीट्स पर मिनिट.

कॉलेजात शिकवलेली झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ ची रीत वेगळी आहे. तिच्यात गेन वाढवत नेऊन लूपला मुद्दाम अखंड डोलायला लावतात. तिचं ऐतिहासिक महत्त्व मोठं, पण चालू कारखान्यात हीटर डोलवायची परवानगी तुम्हाला मिळणार नाही आणि मागूही नये. तिच्यातून येणारे आकडेही बरेच आक्रमक असतात.

ॲक्शन तपासायला विसरू नका. तापमान वाढलं की वाफ कमी व्हायला हवी, म्हणून हा रिव्हर्स ॲक्शनचा कंट्रोलर. चुकून डायरेक्ट ठेवला तर तापमान वाढताच तो आणखी वाफ देईल आणि व्हॉल्व्ह थेट टोकाला जाईल. नव्या लूपला पहिल्यांदा ऑटोवर टाकताना हात मॅन्युअलच्या बटणावर ठेवा.

८. सुरुवात करताना होणारी उसळी

व्हेपरचा दाब पडलेला आहे, व्हॉल्व्ह १०० टक्के उघडा आहे, तरी तापमान ९५ वरच अडकलंय. लूप ऑटोवर असेल तर इंटिग्रल ही चूक साचवतच राहतं. दाब परत आला की तापमान सेटपॉइंट ओलांडून कितीतरी पुढे जातं, कारण साचलेलं उतरायला वेळ लागतो. याला वाइंडअप म्हणतात. आजच्या डीसीएसमध्ये आउटपुट मर्यादेला टेकलं की इंटिग्रल थांबवायची सोय असते, पण ती आउटपुटच्या मर्यादा बरोबर भरल्या तरच काम करते. सुरुवातीला हीटर मॅन्युअलवर गरम करून, तापमान सेटपॉइंटच्या जवळ आलं की ऑटोवर टाकणं हा साधा उपाय अजूनही चांगला आहे.

९. प्रत्येक लेव्हल ५० टक्क्यांवर धरायची नसते

क्लिअर ज्यूसच्या टाकीची लेव्हल कडक धरली, तर मिलकडून येणारा प्रत्येक चढउतार जसाच्या तसा इव्हॅपोरेटरला जातो आणि तिथला सगळा व्हेपर डळमळतो. ती टाकी चढउतार पोटात घालण्यासाठीच आहे. तिथे गेन कमी ठेवा, लेव्हल ३० ते ७० मध्ये फिरू द्या, बाहेर जाणारा फ्लो शांत ठेवा. स्क्रीनवर सरळ रेघ दिसत नाही म्हणून कुणी तक्रार केली तर त्यांना इव्हॅपोरेटरचा ट्रेंड दाखवा.

बॉयलरचा ड्रम मात्र अगदी उलट. तिथे लेव्हल धरायचीच, आणि तीच फसवते. समजा टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली. ड्रमचा दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर जाते. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी कमी होत असतं. फक्त लेव्हल बघणारा कंट्रोलर अशा वेळी फीड वॉटर कमी करतो, म्हणजे नेमकं चुकीचं. मिल अचानक थांबली तर उलटं: वाफेची मागणी पडते, दाब चढतो, बुडबुडे आक्रसतात, लेव्हल खाली दिसते आणि कंट्रोलर गरज नसताना पाणी ओततो. याला स्वेल आणि श्रिंक म्हणतात. बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये मिल थांबणं-चालू होणं रोजचंच, त्यामुळे हे रोज बघायला मिळेल.

यावरचा उपाय म्हणजे थ्री एलिमेंट कंट्रोल. वाफेचा फ्लो मोजून तेवढंच पाणी लगेच द्यायचं, फीड वॉटरचा फ्लो मोजून ते खरंच गेलं का ते बघायचं, आणि लेव्हलने फक्त उरलेली चूक हळूहळू दुरुस्त करायची. कमी लोडवर मात्र फ्लोमीटर भरवशाचे नसतात. ओरिफिसवरचा (पाइपमधल्या भोकाच्या चकतीवरचा) डीपी फ्लोच्या वर्गाप्रमाणे बदलतो: फ्लो निम्मा झाला की डीपी पाव, फ्लो दहा टक्के झाला की डीपी एकच टक्का. म्हणून बॉयलर पेटवताना सिंगल एलिमेंटवर चालवतात आणि लोड वाढल्यावर थ्री एलिमेंटवर नेतात. आणि लो लेव्हलचा ट्रिप कंट्रोलच्या ट्रान्समीटरवर अवलंबून नसावा, त्याला स्वतःचा वेगळा सेन्सर हवा. तुमच्या बॉयलरवर तो कुठे आहे ते बॉयलर अटेंडंटकडून प्रत्यक्ष बघून घ्या.

पीएचचा लूप पहिल्या हंगामात सोपा समजू नका. पीएच लॉगरिदमिक असल्यामुळे ७ च्या जवळ चुन्याचा थोडासा डोस आकडा झरकन हलवतो आणि ५ च्या जवळ तोच डोस फारसा हलवत नाही. त्यात इलेक्ट्रोडवर चुन्याची स्केल चढते. इलेक्ट्रोड ठरलेल्या वेळी धुणं आणि ७ व ४ च्या बफरमध्ये तपासणं, यानेच निम्मं काम होतं.

१०. लूप डोलायला लागला तर

सगळ्यात आधी तो मॅन्युअलवर घ्या आणि थोडा वेळ ट्रेंड बघा. डोलणं थांबलं तर दोष याच लूपमध्ये आहे, चिकटणारा व्हॉल्व्ह किंवा ट्यूनिंग. चालूच राहिलं तर ते बाहेरून येतंय: व्हेपरचा दाब, वरचा एखादा लूप, नाहीतर मोजमापातला गोंधळ. पॉवर केबलच्या ट्रेमधून गेलेली सिग्नल केबल, किंवा दोन्ही टोकांना अर्थ केलेली शील्ड, यांनीही आकडा थरथरतो. शील्ड एकाच टोकाला अर्थ करतात. मॅन्युअलवर घेऊन बघण्याच्या या एका चाचणीने शोधायची जागा निम्म्यावर येते, तरी लोक ती न करता थेट गेन बदलायला जातात.

बदल करताना एका वेळी एकच आकडा बदला, आणि त्याआधी जुना आकडा, तारीख, वेळ आणि त्या वेळचं गाळप वहीत लिहा. हीटर स्वच्छ करून पुन्हा लाईनवर घेतला की त्याच व्हॉल्व्हला तापमान जास्त प्रतिसाद देतं, म्हणजे प्रोसेस गेन वाढलेला असतो. स्केल चढलेल्या हीटरवर काढलेले आकडे त्या दिवशी जरा तिखट पडतात. म्हणून हीटर बदलल्याची वेळ मिल आणि बॉयलिंग हाऊसच्या लॉगबुकातून उतरवून घ्या, आणि त्यानंतरचे दोनतीन तास टीआयसी-१०१ चा ट्रेंड उघडा ठेवा.